चार माणसांची लिफ्ट

मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात ऑक्टोबर २०२३मध्ये एक लग्न लागलं. नवरी व्हीलचेअरवर, कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. सह्या घ्यायला कोणी खाली येईना, तेव्हा नवरीलाच उचलून जिन्याने वर नेलं. ही नवरी म्हणजे अपंग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी. त्यांनी झाला प्रकार समाजमाध्यमावर मांडला, बातम्या झाल्या, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. कार्यकर्तीच्याच लग्नात घडलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं एवढंच. एरवी बँकेत, तलाठ्याकडे, दाताच्या दवाखान्यात, मुलांच्या पालकसभेला हेच चालतं आणि त्यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: ‘उचलू की! चार माणसं आहोत ना.’

उत्तर अगदी मनापासून दिलेलं असतं, खोट तिथेच आहे. हात लावायला माणसं मिळतात, म्हणून पायरी काढायची निकड कोणालाच वाटत नाही. आणि उचलल्या जाणाऱ्याने वर आभार मानायचे, हेही गृहीतच.

उचलणं म्हणजे नेमकं काय होतं, ते जवळून पाहावं. हौशी मंडळी खुर्चीला हात घालतात ते बहुधा चुकीच्या जागी. गाडीत घालता यावी म्हणून बऱ्याच खुर्च्यांचे हात वर ओढले की निघून येतात, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळतात. तिथे धरून उचललं की खुर्चीचा हात उचलणाऱ्याच्या हातात येतो आणि खुर्ची माणसासकट कलंडते. मणक्याच्या इजेमुळे कमरेखाली संवेदना नसलेल्याला पाय कुठे घासला हे कळतही नाही. रात्री कपडे बदलताना रक्त दिसतं आणि मग ती जखम भरता भरत नाही. बॅटरीची खुर्ची असेल तर तिचं स्वतःचं वजनच पन्नास किलोच्या पुढे जाऊ शकतं. बाई असेल तर परक्या पुरुषांचे हात कुठे लागतील याचा वेगळाच धसका. रेल्वेत चढवताना हमालांनी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाविरुद्ध याच विराली मोदींनी २०१७मध्ये ऑनलाइन याचिका सुरू केली होती.

‘आमच्याकडे रॅम्प आहे’ असं सांगणाऱ्या ठिकाणांची गंमत आणखी निराळी. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत उताराचं गणित साधं आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे सहा इंचाची एकच पायरी असली तरी सहा फुटांचा उतार हवा. तीन पायऱ्यांना अठरा. प्रत्यक्षात गवंडी पायरीच्या तोंडाशी सिमेंटचा एक गोळा थापतो, तो सोसायटीतल्या स्कूटर वर चढवायला. त्यावर व्हीलचेअर घातली की पुढची छोटी चाकं हवेत जातात आणि माणूस मागे आडवा. उतरताना खुर्ची थेट रस्त्यावर धावते. नियमाबरहुकूम बांधलेले उतारही आहेत, पण त्यांच्या पायथ्याशी कुंड्या मांडलेल्या असतात, नाहीतर वॉचमनची सायकल. मुंबईत तर दुचाकी फुटपाथवर चढू नयेत म्हणून पालिकेने खांब रोवले आणि ते इतके जवळजवळ की व्हीलचेअरही आत जाईना. एका व्हीलचेअर वापरणाऱ्या नागरिकाने त्याबद्दल ईमेल केला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये त्यावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. पदपथावर चढता यावं यासाठी उच्च न्यायालय!

माणसांच्या वागण्यातल्या पायऱ्या मोजायला टेप नसतो. हॉटेलात वेटर मेनूकार्ड शेजारच्याला देतो आणि विचारतो, ‘यांना काय आणू?’ रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाची खुर्ची मागून कोणीतरी न विचारता ढकलू लागतं. त्याला पलीकडे जायचंच नसतं, तो रिक्षाची वाट बघत असतो. देवळाबाहेर मांडीवर नाणं पडतं. गर्दीत खुर्चीच्या मुठीला कोणाची तरी पिशवी लटकते. ‘कशाला एवढी दगदग, घरी मागवायचं ना’ हा सल्ला मायेचाच असतो, पण त्याचा अर्थ घरातच बसा असा होतो. याच्या उलट टोकाला भाजी आणायला निघालेल्या बाईला ‘तुम्ही किती प्रेरणादायी!’ असं ऐकवणारे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र लिहिलं, ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’सारखी संस्था उभारली, मराठी वाचकाला हा विषय नवा नाही. पुस्तक वाचून डोळे पुसणारे पुष्कळ असतील, आपल्या इमारतीच्या दाराशी टेप लावून पाहणारे किती, हे मी विचारणार नाही.

मनात आलं तर आपण किती झटपट काम करतो, याचा दाखला २००१चा आहे. व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग त्या जानेवारीत टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या परिषदेसाठी मुंबईला आले, पुढे दिल्लीला गेले. त्यांच्यासाठी कुतुबमिनारसारख्या वास्तूंवर लाकडी रॅम्प बसले. पाहुणे गेले, रॅम्पही गेले.

कायद्याची बाजू कमकुवत आहे असं मात्र नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारतींनाही सुगम होण्यासाठी नियम आल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून २०१७मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२लाच टळली. पळवाट नियमातच होती: कायदा ‘करावंच लागेल’ म्हणत होता, तर नियमाने बोट दाखवलेली मार्गदर्शक तत्त्वं बरीचशी ‘केलं तर बरं’ या सुरातली. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम क्रमांक १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखायला सांगितलं.

प्रवासात या सगळ्याची बेरीज होते. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. सवलतीचं कार्ड खिशात, गाडी फलाटावर, आणि मधे उंच पायऱ्या, अरुंद दार, आत त्याहून अरुंद वाट. तिकीट स्वस्त केलं, दार तेवढंच ठेवलं. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा असतो, पण फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत नसते, गाडी थांबते अर्धा-एक मिनिट, आणि त्या डब्यात धडधाकट मंडळी आधीच दारात उभी. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांत दिव्यांगांसाठी रुंद दाराची जागा गार्डच्या डब्यालगत असते, म्हणजे बहुधा फलाटाच्या टोकाला, जिथे छप्परही संपलेलं असतं. वंदे भारतमध्ये टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरला जागा ठेवली आहे, हे मान्य करायला हवं.

विमानाकडे तरी सगळं ठीक असेल असं वाटतं. अपंग हक्क कार्यकर्ते जावेद आबिदी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९८मध्ये निकाल दिला, तेव्हापासून विमानतळांवर विमानाच्या आत नेता येणाऱ्या अरुंद खुर्च्या आणि खुर्ची विमानाच्या दारापर्यंत उचलणाऱ्या अँब्युलिफ्टची चर्चा सुरू आहे. पण स्वतःची खुर्ची अनेकदा चेक-इनलाच सामानात जाते आणि बसायला विमानतळाची मिळते. तिची चाकं लहान. बसणाऱ्याला ती स्वतः फिरवताच येत नाही. ढकलणारा मदतनीस ‘आलोच’ म्हणून ठेवून गेला की तो परतेपर्यंत हलणं नाही. त्यात खुर्च्या अपुऱ्या. फेब्रुवारी २०२४मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाला खुर्ची मिळाली नाही, ते चालत निघाले, कोसळले आणि गेले; एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. खुर्च्या अपुऱ्या पडण्यात आपल्या घरांचाही वाटा आहे. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आईबाबांना चालता येतं, पण इंग्रजी फॉर्म आणि लांबलचक रांगांची धास्ती, म्हणून मुलगा तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवतो. त्यांची भीती खरी आहे. त्यांना सोबत करणारा माणूस हवा असतो, खुर्ची नव्हे.

आणि जे कोणी बोलत नाही ते: पाणी. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडणारे व्हीलचेअर वापरणारे पुष्कळ आहेत, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. पाटी असलेलं मिळालं तरी आत बादल्या, झाडू, फिनेलचे कॅन, आणि दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला. मूत्रमार्गाचा संसर्ग मग प्रवासखर्चातच धरायचा.

शहर बसमध्ये तरी बदल दिसतो आहे. पुण्यात २०१९पासून पीएमपीच्या आणि मुंबईत बेस्टच्या लो-फ्लोअर इलेक्ट्रिक बस धावतात. दाराशी घडीचा रॅम्प असतो. बस फुटपाथला खेटून थांबली आणि कंडक्टरने तो उघडला, तर खुर्ची मिनिटभरात आत जाते आणि कोणाला हात लावावा लागत नाही. पण थांब्यावर तीन रिक्षा लागलेल्या असतात, बस रस्त्याच्या मधोमध थांबते, रॅम्प फुटपाथपर्यंत पोचत नाही. मागून हॉर्न सुरू होतात. दारातल्या दोघा-तिघांनी तोवर बाह्या सरसावलेल्या असतात.