पुलामागचं नाव

पुण्यात मुठेवरचा म्हात्रे पूल रोज ओलांडणाऱ्यांपैकी किती जणांना हे म्हात्रे कोण, ते माहीत असतं? रवींद्र म्हात्रे हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथल्या भारतीय वकिलातीतले अधिकारी. ३ फेब्रुवारी १९८४ च्या संध्याकाळी ते घराजवळ बसमधून उतरले, तेव्हा मुलीच्या वाढदिवसाचा केक त्यांच्या हातात होता. तिथूनच त्यांना पळवून नेण्यात आलं.

‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ असं नाव सांगणाऱ्या गटाचं मागणीपत्र रॉयटर्सच्या लंडन कार्यालयात पोहोचलं. १० लाख पौंड खंडणी हवी होती आणि तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेला काश्मिरी फुटीरतावादी नेता मकबूल बट याची सुटका. खरं मोल या दुसऱ्या मागणीचं होतं. पैसा तोंडी लावण्यापुरताच असावा. त्यांनी दिलेली मुदत इतकी तोकडी होती की, वाटाघाटींना वावच उरला नाही. दोनच दिवसांनी लेस्टरशायरमधल्या एका आडरस्त्यावर म्हात्रेंचा मृतदेह सापडला. त्यांना गोळ्या घातल्या होत्या. वय ४८.

हत्येचा परिणाम अपहरणकर्त्यांना हवा होता त्याच्या नेमका उलटा झाला. ज्याला सोडवायचं होतं, त्याचाच दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि ११ फेब्रुवारीला तिहारमध्ये बटला फाशी देण्यात आली.

१९८५ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने या प्रकरणात दोघांना दोषी ठरवलं. आणखी एका संशयिताला २००४ मध्ये अमेरिकेतून ब्रिटनमध्ये आणलं गेलं. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला.