आयबीएस असेल तर सकाळी काय खायचं? उत्तर आपल्याच चुलीजवळ आहे

उद्या सकाळी सहाला परभणीला निघायचं आहे, येणार ना? या प्रश्नावर ‘बघतो’ म्हणणारा कार्यकर्ता थंड पडला, असं आपण लगेच ठरवून मोकळे होतो. मानवत तालुक्यात तरुणांसोबत काम करताना या ‘बघतो’मागचं एक कारण मला बऱ्याचदा ऐकायला मिळतं. तेही चांगली ओळख झाल्यावर आणि खालच्या आवाजात. सकाळी पोट धरत नाही. दोन-तीनदा जाऊन यावं लागतं, आणि गाडीत बसल्यावर पुन्हा कळ आली तर जायचं कुठे? मुलींना तर हे सांगायचीही सोय नसते. त्या आदल्या रात्रीपासून खाणं बंद करतात आणि प्रवासभर पाणी पीत नाहीत. पोलीस भरतीचं मैदान असो, स्पर्धा परीक्षेचं केंद्र असो की ६ डिसेंबरचा चैत्यभूमीचा प्रवास, गोष्ट हीच असते.

यातल्या अनेकांना जो त्रास असतो त्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, तपासण्या साध्या येतात, तरी पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. २०१६ साली आलेल्या ‘रोम ४’ या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी असावी आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मलाच्या स्वरूपाशी संबंध असावा. यातल्या किमान दोन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावे लागतात. एखाद्या लग्नातल्या जेवणानंतर दोन दिवस बिघडलेलं पोट म्हणजे आयबीएस नव्हे. मात्र दूषित पाण्यामुळे किंवा अन्नामुळे मोठी हगवण लागून गेली, की त्यानंतर काहींचं आतडं महिनोन्‌महिने हळवं राहतं, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. ज्या वस्त्यांत नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथे हे विसरून चालणार नाही.

‘मनाचा खेळ आहे’ असं म्हणून ही तक्रार उडवून लावली जाते. मेंदू आणि आतडं यांच्यात मज्जातंतूंचं सतत दळणवळण चालू असतं. आयबीएसमध्ये हे दळणवळण बिघडतं आणि साधा वायूसुद्धा दुखण्यासारखा जाणवतो. ताणाने त्रास वाढतो हे खरं, पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

सकाळच का? रात्रभर शांत असलेलं मोठं आतडं जाग आल्यावर हालचाल सुरू करतं. त्यात पोटात अन्न पडलं की आतड्याला पुढे ढकलण्याचा इशारा मिळतो. निरोगी माणसात याचा अर्थ वेळेवर शौचाला होणं. हळव्या आतड्यात हाच इशारा जोरात बसतो. घास मोठा, तेल जास्त, तिखट जास्त आणि वर कडक चहा, असं सगळं एकदम गेलं की कळ येते. म्हणून दिवसभराच्या खाण्यात पहिली दुरुस्ती न्याहारीची करावी.

त्याआधी एक अट. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, संध्याकाळी येणारा ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्ताची कमतरता, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर न्याहारीचे प्रयोग बाजूला ठेवून आधी ग्रामीण रुग्णालय किंवा परभणीचं जिल्हा रुग्णालय गाठा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही होतो आणि तो औषधाने बरा होतो. गव्हाने त्रास होतो असा संशय असेल तर गहू बंद करण्याआधी सीलिॲक आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू सोडल्यावर ती तपासणी फसवी येऊ शकते.

आणि हो, ‘कुणीतरी खाऊ घातलंय’ हे निदान अजूनही आपल्या गावांत चालतं. वर्षभर पोट दुखणाऱ्या मुलीला दवाखान्याआधी बुवाकडे नेणारी घरं आहेत, आपल्या समाजातही. १९७२ नंतरच्या हत्याकांडाने अंधश्रद्धा माणसाला कुठवर नेते ते मानवतने पाहिलं आहे. त्यामुळे इथल्या धम्मकार्यकर्त्याने या बाबतीत गप्प बसू नये.

आता खाण्याकडे येऊ. इंटरनेटवर आयबीएसची न्याहारी शोधली की ओट्स, ब्लूबेरी, बदामाचं दूध असलं काहीबाही समोर येतं. वाचणाऱ्याला वाटतं, हा श्रीमंतांचा आजार आणि श्रीमंतांचा इलाज. त्या सल्ल्यामागचं शास्त्र मात्र कामाचं आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी दाखवलं, की काही प्रकारच्या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर वायू तयार करतात आणि हळवं पोट फुगतं, दुखतं. अशा शर्करांना एकत्रितपणे फोडमॅप म्हणतात. गहू, कांदा, लसूण, बरीचशी कडधान्यं, दूध यांत त्या भरपूर असतात. तांदूळ, ज्वारी, नाचणी, अंडी, शेंगदाणे, गाजर, काकडी यांत कमी.

ही दुसरी यादी आपल्या ओळखीची आहे. परभणी हा ज्वारीचा जिल्हा. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचं वाण दिलं आणि २०१८ साली लोह व जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ आणलं. पण शेतात सोयाबीन आणि कापूस वाढले, रेशनवर गहू-तांदूळ आला आणि शहराकडे गेलेल्या पोरांच्या सकाळी खारी, टोस्ट, मैद्याची बिस्किटं आली. ज्या कण्या आणि आंबील आपल्या आज्या गरिबीची खूण म्हणून लपवत, त्यांचा इतिहास शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात मांडला आहे. मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाला मान मिळावा म्हणून ज्यांना ते पुस्तक आवडलं, त्यांनी त्यातली आंबील एकदा सकाळी करूनही पाहावी.

सगळ्यात सौम्य न्याहारी म्हणजे ज्वारीच्या पिठाची पातळ पेज. दोन मोठे चमचे पीठ आधी अर्धी वाटी गार पाण्यात कालवायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून सात-आठ मिनिटं ढवळत शिजवायचं. मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, बस. आंबिलीत ताक घालण्याची पद्धत आहे. दुधाने त्रास होणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात ताक टाळावं, नंतर पाव वाटी घालून पाहावं. जुलाबाचा कल असणाऱ्याने पेज पातळ ठेवावी. बद्धकोष्ठवाल्याने कण्या कराव्यात: ज्वारी जाडसर भरडून रात्री भिजवायची आणि सकाळी मऊ शिजवायची. त्यासोबत एक चमचा कुटलेलं जवस आणि पेलाभर पाणी. पाणी नसेल तर जवस उलट अडकवतं. इसबगोलाचंही तसंच. गव्हाचा कोंडा मात्र अनेक आयबीएस रुग्णांचा त्रास वाढवतो, ‘फायबर चांगलं’ म्हणून तो खाऊ नये.

दुसरी न्याहारी तांदूळ आणि मुगाच्या डाळीची. एक वाटी तांदूळ, पाव वाटी पिवळी मूगडाळ, अर्धा तास भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, कारण वायू करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्यात उतरतो. मग सहा वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवायची. हळद, जिरं, एक चमचा तेल किंवा तूप. चना डाळ, हरभरा, मटकीची उसळ सकाळी नको. डाळी आयुष्यातून काढायच्या नाहीत, कारण आपल्या घरांत प्रथिनांचा तोच मोठा आधार आहे. त्या थोड्या आणि दुपारी खाव्यात. जो अंडं खातो त्याला उकडलेलं अंडं आणि ताजी भाकरी ही उत्तम न्याहारी आहे.

पोहे आणि सुशीला सोडायची गरज नाही. दोन्हींचं मूळ तांदूळच. अडचण आहे ती फोडणीची. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चिरून घाला, पांढरा कंद नको. लसणाची चव हवी तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका: त्रास देणारा घटक पाण्यात विरघळतो, तेलात उतरत नाही. पाणी असलेल्या भाजीत पाकळी टाकून नंतर काढली तर उपयोग नाही. सुशीलातले डाळवं वगळा, मूठभर शेंगदाणे चालतात. हिंग चालतो, पण बाजारच्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा मिसळलेला असतो, लेबल वाचा. राहिला ठेचा. मराठवाड्याच्या माणसाला ठेचा सोड म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, पण मिरचीतला तिखट घटक आतड्यातल्या वेदनेच्या तारा थेट छेडतो. सकाळी तरी भाकरीसोबत दोडक्याची किंवा दुधीची सौम्य भाजी बरी.

चहा दिवसाला तीन कपांच्या आत, आणि उपाशीपोटी नको. आधी चार घास, मग चहा, दूध कमी. केळं नुकतंच पिकलेलं घ्या. काळे ठिपके पडलेल्या केळ्यात त्रासदायक शर्करा वाढलेल्या असतात.

हे सगळं एकदम सुरू करू नये. दोन आठवडे वहीत रोज लिहावं: काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, ताण काय, पोटाचं काय झालं. मग एकच गोष्ट बदलून दहा-बारा दिवस पाहावं. फरक पडला तर ठेवावं, नाही तर ती वस्तू परत ताटात घ्यावी. सगळे फोडमॅप कडकपणे बंद करण्याचा काळ फार तर दोन ते सहा आठवड्यांचा असतो, तोही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने. नंतर एकेक पदार्थ परत आणायचाच असतो. आधीच कमी खाणाऱ्या, रक्त कमी असलेल्या मुलीने तर त्या वाटेला जाऊच नये. आपण स्वतः पाहून, तपासून स्वीकारण्याची शिकवण देणाऱ्या धम्माचे लोक आहोत, तेव्हा ही वही आपल्याला अवघड वाटू नये.

पोटाची तक्रार विनयपिटकातही आहे. महावग्गातल्या औषधांविषयीच्या भागात राजगृह येथे तथागतांना पोटात वाताचा त्रास झाल्याचं येतं आणि आनंदाने तीळ, तांदूळ आणि मूग यांची पेज केल्याचंही. भिक्खूने अन्न साठवून स्वतः शिजवलं म्हणून तथागत त्यांच्यावर नाराज झाले, तो भाग वेगळा. त्याच ग्रंथात पेजेचे दहा फायदे सांगितले आहेत, त्यांत भूक-तहान भागणं आणि वात ताळ्यावर येणंही आहे. चुल्लवग्गात सारिपुत्तांच्या पोटातल्या वाताला लसणाने आराम पडत असे म्हणून आजारपणात लसूण खाण्याची मुभा दिल्याची हकिगत आहे. मोनाशची यादी घेऊन बसलेला माणूस म्हणेल, हे तर उलटंच! ही प्रिस्क्रिप्शन नव्हेत, अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आजारी माणसांच्या नोंदी आहेत. एकाला लसूण मानवतो, दुसऱ्याला तोच लसूण लोळवतो, एवढं त्यावरून दिसतं.

श्रामणेर शिबिरात दुपारी बारानंतर जेवण नसतं, त्यामुळे शिबिरार्थी सकाळी पोटभर खाऊन घेतात. आयबीएस असलेल्याने सकाळी वाटीभर पेज आणि अकराला अर्धं जेवण असं विभागून घेतलेलं बरं. तरीही त्रास वाढला तर शिबिरप्रमुख भंतेजींना स्पष्ट सांगावं, आजाऱ्याला सवलत देण्याची परंपरा विनयातच आहे. परीक्षेचा किंवा घरचा ताण डोक्यावर बसला असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

विहारातल्या किंवा शिबिरातल्या स्वयंपाकात यासाठी वेगळा खर्च नाही. पोह्यांच्या फोडणीत कांदा-मिरची पडण्याआधी एक छोटं पातेलं बाजूला काढायचं, शेजारी पेजेचं भांडं ठेवायचं, आणि कुणी ते घेतलं तर ‘काय रे, डाएट का?’ असं विचारायचं नाही. प्रवासाचा मेसेज टाकताना गाडी पहिल्यांदा किती वाजता आणि कुठे थांबणार, तिथलं शौचालय महिलांसाठी उघडं असतं का, या दोन ओळी त्यात जोडा. मग ‘बघतो’ म्हणणाऱ्यांना पुन्हा एकदा विचारा.