दिव्यांग विद्यार्थ्यांची साहाय्यक उपकरणे: निधी कुठे आहे, मागायचा कसा?

श्रवणयंत्र, ब्रेल पाटी, चाकाची खुर्ची, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणक ही दिव्यांग विद्यार्थ्याची वही-पेन्सिलच आहे. तरीही छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांमध्ये ती वाटपाच्या कार्यक्रमात मिळणारी भेट समजली जाते. म्हणून सरकारी तरतूद नेमकी कुठे आहे, हे आम्ही येथे मांडत आहोत.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. कलम 17 नुसार 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला वयाच्या 18 वर्षांपर्यंत पुस्तके आणि योग्य साहाय्यक उपकरणे मोफत द्यायची आहेत. ती मिळाली नाहीत, तर लेखी जाब विचारता येतो.

शाळेत

समग्र शिक्षा योजनेत पहिली ते बारावीच्या विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला 3,500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. मुलींना याशिवाय दरमहा 200 रुपये दहा महिने मिळतात. शाळेने यू-डायसमध्ये मुलाची दिव्यांग म्हणून नोंदच केली नसेल, तर ते मूल मोजणीतून सुटते. आधी ती नोंद तपासा.

एडिप योजना

केंद्राची ही योजना 1981 पासून आहे. पालकांचे मासिक उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण आणि 30,000 रुपयांपर्यंत असेल तर निम्मी मदत मिळते. उपकरणे प्रामुख्याने कानपूरची अलिम्को कंपनी पुरवते. आधी तपासणी शिबिरात मोजमाप होते, वाटप नंतर होते. अनेक मुले तपासणीचा दिवस चुकवतात आणि वाटपाच्या दिवशी रिकाम्या हाती परततात.

खरी अडचण अठरानंतर

कलम 17 मधला हक्क अठराव्या वर्षी थांबतो. नेमके तेव्हाच महाविद्यालय सुरू होते आणि संगणकाची गरज वाढते. एडिपला मात्र ही वयोमर्यादा नाही. महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तिथेही अर्ज करता येतो. अंध विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर मराठीही वाचते, त्यामुळे महागड्या सॉफ्टवेअरवाचून संगणक अडून राहत नाही.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात दिव्यांगांसाठी गुणांची अट 40 टक्क्यांवर शिथिल केली आहे.

एक गैरसमज दूर करू. अनुसूचित जातीची आणि दिव्यांगत्वाची अशा दोन शिष्यवृत्त्या एकाच वेळी घेता येत नाहीत, म्हणून कोणती फायद्याची ते आधी पाहावे. पण एडिपचे उपकरण ही शिष्यवृत्ती नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्यालाही ते मिळू शकते. फक्त त्याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत सरकारी मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे.

आपण काय करायचे?

प्रत्येक वस्तीतील दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी करा. यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार यांची जुळवाजुळव आत्ताच करून ठेवा. तपासणी शिबिराची तारीख समाजकल्याण विभागाकडून लेखी मागा आणि ती विहाराच्या फलकावर लावा. मुलांना शिबिरापर्यंत नेण्याची जबाबदारी एकेका कार्यकर्त्याने घ्यावी. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. 5 टक्के निधी कुठे खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारा.

शिक्षणाचा हक्क आपल्याला मागून मिळालेला नाही, झगडून मिळाला आहे. आपल्याच वस्तीतले मूल श्रवणयंत्राअभावी वर्गात गप्प बसत असेल, तर तो झगडा अजून संपलेला नाही. जय भीम!