एक टँकर उलटला की अख्खा एक्सप्रेसवे का थांबतो? रसायनांच्या वाहतुकीची गोष्ट

३ फेब्रुवारी २०२६. संध्याकाळची वेळ. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, खालापूर तालुक्यातल्या आडोशी बोगद्याजवळ प्रोपिलीन वायू घेऊन निघालेला टँकर उलटला आणि गळती सुरू झाली. मुंबईकडे येणारी वाहतूक थांबवण्यात आली. ती सुरळीत व्हायला तीस तासांहून जास्त वेळ लागला. हजारो लोकांनी गाडीतच रात्र काढली. पाणी नाही, जेवण नाही, स्वच्छतागृह नाही.

सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरत होता. "एक क्रेन लावून टँकर बाजूला करायला इतका वेळ लागतो?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर क्रेनमध्ये नाही, टँकरच्या आत काय होतं यात आहे.

प्रोपिलीन म्हणजे नेमकं काय?

प्लॅस्टिक बनवण्यासाठी लागणारा हा वायू दाब देऊन द्रवरूपात नेला जातो. बाहेर आला की तो लगेच वायू होतो आणि पसरतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत सरकतो, खड्ड्यात, नाल्यात, दरीच्या बाजूला साचतो. मग एखादी ठिणगी पुरते. ती गाडीच्या स्टार्टरची असू शकते, क्रेनच्या साखळीची किंवा कुणाच्या तरी बिडीचीसुद्धा.

म्हणून आधी गळती आवरायची, पाण्याचे फवारे मारत राहायचं, आतला वायू दुसऱ्या टँकरमध्ये उतरवून घ्यायचा आणि मगच उलटलेली टाकी हलवायची, हाच क्रम असतो. यात घाई केली तर काय होऊ शकतं?

त्याचं उदाहरण स्पेनमध्ये आहे. ११ जुलै १९७८ रोजी तिथल्या लोस आल्फाकेस या पर्यटकांच्या तळाजवळून जाणाऱ्या टँकरमधल्या प्रोपिलीनने पेट घेतला आणि २०० हून अधिक माणसं गेली. वायू तोच, प्रोपिलीन. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतले अग्निशमन कर्मचारी वापरतात त्या मार्गदर्शक पुस्तिकेत अशा वायूचा टँकर आगीत सापडला तर चारही बाजूंनी १६०० मीटरचा परिसर रिकामा करा, असं सांगितलं आहे. दीड किलोमीटरपेक्षा जास्त! घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना हे अंतर पाळायचं तर रस्ता बंद करण्यावाचून पर्याय उरत नाही.

आडोशीला आग लागली नाही. पण याच घाटात ती लागलेलीही आहे. १३ जून २०२३ रोजी खंडाळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटलेलं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जणांचा मृत्यू झाला. त्यात पुलाखालून दुचाकीवरून जाणारेही होते. एक्सप्रेसवेशी त्यांचा त्या क्षणी काही संबंधच नव्हता.

हे टँकर इथूनच का जातात?

नकाशा पाहिला की कळतं. खाली उरण, न्हावा-शेवा बंदर, ट्रॉम्बे-माहुलच्या रिफायनऱ्या. वर पुणे जिल्ह्यातले चाकण, रांजणगाव, कुरकुंभ हे औद्योगिक पट्टे. मध्ये बोरघाट. शिवाय खालापूर तालुक्यात खोपोलीचे कारखाने आणि पाताळगंगा-रसायनीचा पट्टा आहेच. रसायनीचं तर नावच रसायनांवरून पडलेलं. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना तिथे उभा राहिला.

म्हणजे कर्जत स्टेशनला लागून असलेल्या भिसेगावातून कुणी खोपोलीला, चौकला किंवा रसायनीला कामाला निघालं, तर वाटेत टँकर दिसणं ही रोजचीच गोष्ट. त्यात काय भरलंय, हे मात्र आपल्याला सहसा माहीत नसतं. खरं तर ते टँकरवरच लिहिलेलं असतं.

टँकरवरचा फलक कसा वाचायचा?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दल आहेत. नियम १३४ नुसार अशा गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक लागतो. त्यावर रसायनाचं नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला क्रमांक, धोक्याचं चिन्ह आणि फोन नंबर असावे लागतात. रसायनाच्या नावाची अक्षरं किमान ५० मिलिमीटर आणि क्रमांकाचे आकडे किमान १०० मिलिमीटर उंच हवेत. थोडक्यात, लांबून वाचता आलं पाहिजे.

हा चार आकडी क्रमांक जगभर सारखाच असतो. काही नेहमी दिसणारे क्रमांक असे:

• १०७५ – एलपीजी
• १०७७ – प्रोपिलीन
• १००५ – अमोनिया
• १०१७ – क्लोरीन
• १२०३ – पेट्रोल
• १२३० – मिथेनॉल
• १८३० – सल्फ्युरिक आम्ल

अनेक फलकांवर वरच्या ओळीत आणखी एक छोटा कोड दिसतो. त्याला हॅझकेम कोड म्हणतात. तो अग्निशमन दलासाठी असतो. त्यातला पहिला आकडा आग कशाने विझवायची ते सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ म्हणजे बारीक फवारा, ३ म्हणजे फेस, ४ म्हणजे कोरडा पदार्थ, पाणी अजिबात नाही. शेवटी 'ई' हे इंग्रजी अक्षर असेल तर आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. आपल्याला पूर्ण कोड पाठ करायची गरज नाही. शेवटचं 'ई' ओळखता आलं तरी पुरे.

चूक नेहमी चालकाचीच असते का?

अपघात झाला की चर्चा चालकापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. 'झोप लागली असेल', 'भरधाव होता'. कधी कधी ते खरंही असतं. पण टँकर रस्त्यावर येण्याआधी तो बऱ्याच हातांतून गेलेला असतो.

लोस आल्फाकेसचंच बघा. त्या टँकरची क्षमता सुमारे १९ टनांची होती. त्यात २३ टनांहून जास्त प्रोपिलीन भरलं होतं. दाब वाढला तर तो सोडणारा व्हॉल्व्हही नव्हता. चूक रस्त्यावर दिसली, पण झाली होती ती माल भरण्याच्या जागी.

आपल्या नियमांतही जबाबदारी वाटून दिलेली आहे:

१. माल पाठवणारी कंपनी: मालाची आणि त्याच्या धोक्याची पूर्ण, खरी माहिती ट्रान्सपोर्टरला देणं.

२. ट्रान्सपोर्टर: त्या मालासाठी योग्य गाडी वापरणं आणि चालकाला धोका समजावून सांगणं.

३. चालक: मालाची लेखी माहिती केबिनमध्ये ठेवणं आणि अपघात झाल्यास लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं.

दाबाखालच्या वायूच्या टाक्यांसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेची मंजुरी लागते, ती वेगळी.

चालकासाठीही अटी आहेत. धोकादायक माल नेण्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर ही नोंद तीन वर्षं चालते आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाची उजळणी करावी लागते. आता विचार करा, अमोनिया, आम्ल, एलपीजी, मिथेनॉल या सगळ्यांचे धोके वेगवेगळे. ते शिकायला मिळतात तीन दिवस आणि मग तीन वर्षांनी एक दिवस. माल भरतानाच कंपनीने दहा मिनिटं चालकाच्या भाषेत समजावून सांगितलं नाही, तर केबिनमधला इंग्रजी कागद त्याच्या काय कामाचा?

साखळीचं शेवटचं टोक म्हणजे माल घेणारा कारखाना. गेटबाहेर टँकर ताटकळत ठेवला की चालकाची झोप जाते आणि पुढच्या फेरीला उशीर होतो. तो उशीर मग घाटात भरून काढला जातो.

घाटात टँकर जास्त का उलटतात?

पहिलं कारण उतार. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर उतरवायची सवय काही चालकांना असते. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. 'ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा' हा जुन्या चालकांचा नियम त्यासाठीच आहे.

दुसरं कारण टाकीतला द्रव. ट्रकमधली पोती जागच्या जागी राहतात, द्रव राहत नाही. वळणावर तो एका बाजूला झेपावतो. टाकी गच्च भरताही येत नाही, कारण उष्णतेने द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. टँकरचा भार मुळात उंचावर, त्यात आतली ही लाट. मोटारीला सहज जमणारं वळण त्याच वेगात टँकरला उलटवू शकतं. टँकरसमोर अचानक लेन बदलणारी आपली गाडीही या गणितात येते, हे विसरून चालणार नाही.

रस्ता सपाट असला म्हणून धोका संपत नाही. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूरजवळ भांकरोट्याला वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रक धडकला, मागचे व्हॉल्व्ह तुटले, वायू पसरला आणि पेटला. जवळपास २० जणांचा जीव गेला. त्यातले बरेच जण आसपासच्या वाहनांमधले होते.

मग सुधारणा काय होतायत?

काही गोष्टी झाल्या आहेत. २०२२ च्या अधिसूचनेनुसार धोकादायक माल नेणाऱ्या नव्या मध्यम आणि जड वाहनांत ठावठिकाणा सांगणारं उपकरण बंधनकारक झालं. इंडियन केमिकल कौन्सिलने 'नाइसर ग्लोब' हा उपक्रम सुरू केला आहे. त्यात रसायनांच्या गाड्यांवर प्रवासभर लक्ष ठेवलं जातं आणि अपघात झाल्यास मदत पोचवली जाते. मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइनमुळे बरंच इंधन रस्त्यावर येतच नाही. घाटातल्या अपघातांत खोपोलीतले 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' या संस्थेचे स्वयंसेवक धावून जातात, तो आधार वेगळाच.

पण ठावठिकाणा कळणं आणि वेग कमी होणं यात फरक आहे. स्क्रीनवर वेग वाढलेला दिसला तर चालकाला फोन कोण करणार? घाटात गळती झाली तर वायू उतरवून घेणारा रिकामा टँकर आणि प्रशिक्षित माणसं किती वेळात पोचणार? आडोशीच्या तीस तासांनी विचारलेला खरा प्रश्न हा आहे.

तो विचारायची जागाही आहे. भोपाळनंतर बनलेल्या कायद्यांच्या मालिकेत १९९६ चे रासायनिक अपघात नियम आले. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणि औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक संकट गट असावा लागतो. नागरिकांना माहिती देणंही त्यांच्या कामात येतं. कर्जत-खालापूरच्या रहिवाशांना प्रांत कार्यालयात अर्ज करून विचारता येईल: आमच्या भागातून कोणती रसायनं जातात? शेवटचा सराव कधी झाला? टँकर थांबण्याच्या जागा कोणत्या? आणि १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यानुसार, रस्त्यावरच्या वाहतुकीतही धोकादायक रसायनाने इजा झाली तर कुणाची चूक हे सिद्ध करत न बसता तातडीची मदत मागता येते.

समोर टँकर उलटला तर काय कराल?

• जवळ जाऊ नका. वारा तुमच्या पाठीकडून टँकरकडे वाहत असेल अशा बाजूला आणि शक्यतो उंचावर जा. नाल्यात किंवा खोलगट जागी थांबू नका.

• पांढरट धुकं किंवा उग्र वास पसरत असेल तर गाडी सुरू करू नका, काडी पेटवू नका. गाडी तिथेच सोडून चालत लांब जा. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही.

• आग दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नका. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळपास दिसतच नाही.

• सांडलेलं काहीही गोळा करायला जाऊ नका. आम्ल असेल तर चप्पलही वाचवणार नाही.

• लांबूनच झूम करून फलकाचा एक फोटो घ्या. ११२ ला फोन करून तो चार आकडी क्रमांक, रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटर आणि कोणत्या दिशेची लेन हे सांगा. कुणी जखमी असेल तर १०८ ला कळवा.

• व्हिडिओसाठी मागे थांबू नका. तुमच्यामागे थांबणारी प्रत्येक गाडी अग्निशमन दलाची वाट अडवते.

पोलीस आणि अग्निशमन दल पोचेपर्यंतची पहिली काही मिनिटं रस्त्यावरच्या साध्या माणसांच्या हातात असतात. फोनवर सांगितलेला एक अचूक क्रमांक त्या वेळी सगळ्यात जास्त कामाचा ठरतो. पुढच्या वेळी खोपोलीच्या रस्त्याला एखाद्या टँकरच्या मागे अडकलात, तर त्यावरचा फलक वाचून बघा. आणि फलक नसेलच, किंवा पुसट झालेला असेल, तर गाडीचा नंबर टिपून पोलिसांना कळवा.