प्रोजेक्टर आणि संगणक : पडद्यावरच्या चित्राची जुळवणी

संगणकावर जे दिसते तेच प्रोजेक्टर भिंतीवर मोठे करून टाकतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात मात्र प्रोजेक्टर हा संगणकाला जोडलेला दुसरा, स्वतंत्र पडदा असतो. त्याचा आकार, त्यावरील बिंदूंची संख्या आणि रंग दाखवण्याची त्याची कुवत संगणकाच्या पडद्याहून वेगळी असते. अक्षरे पुसट दिसणे, चित्राच्या कडा कापल्या जाणे, माणसे बुटकी किंवा लांबट दिसणे, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ या वेगळेपणात असते, आणि त्यांचा दोष मात्र बिचाऱ्या केबलला दिला जातो.

प्रोजेक्टरमध्ये चित्र घडवणारा भाग अगदी लहान असतो. काही यंत्रांत द्रवस्फटिकाच्या, म्हणजे एलसीडीच्या, तीन छोट्या पट्ट्या असतात, तर डीएलपी प्रकारच्या यंत्रांत सूक्ष्म आरशांची एक चिप असते. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये ही चिप विकसित केली. दोन्ही प्रकारांत बिंदूंची, म्हणजे पिक्सेलची, संख्या कारखान्यातच ठरलेली असते आणि ती नंतर बदलता येत नाही. या संख्येला त्या यंत्राचे मूळ रिझोल्यूशन म्हणतात. शाळा-महाविद्यालयांतील जुन्या यंत्रांत ते बहुधा आडवे 1024 आणि उभे 768 बिंदू असे असते, त्यानंतरच्या अनेक यंत्रांत 1280 आणि 800, तर फुल एचडी यंत्रांत 1920 आणि 1080 असते. स्वस्त प्रोजेक्टरच्या जाहिरातीत ‘1080 ला सपोर्ट’ असे ठळकपणे छापलेले असते, पण त्याचा अर्थ ते यंत्र तेवढ्या बिंदूंचे चित्र स्वीकारते इतकाच होतो. स्वीकारलेले चित्र ते आपल्या मोजक्या बिंदूंत कोंबून दाखवते, आणि खरेदीच्या वेळी विचारायला हवे ते मूळ रिझोल्यूशन माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दडलेले असते.

संगणकाने पाठवलेले बिंदू आणि यंत्रातील बिंदू यांची संख्या जुळली नाही, तर प्रोजेक्टरला शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून नवे चित्र जुळवावे लागते. छायाचित्रात ही तडजोड सहसा खपून जाते, अक्षरांत खपत नाही, आणि देवनागरीत तर ती लगेच डोळ्यांत भरते. कारण बारीक अक्षरांची शिरोरेषा अनेकदा एकदोन बिंदूंच्याच जाडीची असते, अनुस्वार मोजक्या बिंदूंचा असतो, आणि सरासरीच्या गडबडीत शिरोरेषा कुठे जाड, कुठे फिकट होते व रफार शेजारच्या मात्रेत मिसळून जातो. त्यामुळे संगणकाने प्रोजेक्टरकडे त्याच्या मूळ रिझोल्यूशनचेच चित्र पाठवावे, हा या जुळवणीतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम ठरतो.

हा नियम नकळत मोडला जातो तो दोन पडद्यांच्या मांडणीमुळे. विंडोज प्रणालीत विंडोजची कळ आणि ‘पी’ ही अक्षरकळ एकत्र दाबली की चार पर्याय समोर येतात : केवळ संगणकाचा पडदा, डुप्लिकेट म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, एक्स्टेंड म्हणजे प्रोजेक्टर हा संगणकाच्या पडद्याचा पुढचा विस्तार, आणि केवळ दुसरा पडदा. बहुतेक जण डुप्लिकेट निवडतात, कारण समोर दिसते तेच भिंतीवर दिसावे ही अपेक्षा स्वाभाविक असते. परंतु या पर्यायात दोन्ही पडद्यांना साधारणपणे एकच रिझोल्यूशन स्वीकारावे लागते, आणि रुंद लॅपटॉपची गाठ जुन्या चौकोनी प्रोजेक्टरशी पडली की दोघांपैकी एकाची गैरसोय अटळ होते. 16 : 9 या प्रमाणातले चित्र 1024 गुणिले 768 च्या यंत्रावर न ताणता दाखवले, तर त्याला 576 ओळी पुरतात आणि उरलेल्या 192 ओळी, म्हणजे यंत्राचा पाव भाग, वर-खाली काळ्या पट्ट्यांत वाया जातो. एक्स्टेंडमध्ये प्रत्येक पडदा आपापले रिझोल्यूशन राखतो, शिवाय व्याख्यात्याला आपली टिपणे लॅपटॉपवर ठेवून श्रोत्यांना केवळ स्लाइड दाखवता येते. सवय नसलेल्याला माउसचा बाण भिंतीवर ‘हरवल्या’ची चिंता वाटते, पण ती थोड्या सरावाने जाते. ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्ले’ या पानावर दोन पडदे 1 आणि 2 अशा आकड्यांनी दिसतात. त्यातला प्रोजेक्टरचा चौकोन निवडून त्याचे रिझोल्यूशन पाहावे, आणि ज्या आकड्यापुढे शिफारस केल्याची खूण असेल तो घ्यावा.

ही शिफारस संगणक मनाने करत नाही. पडदा जोडला जाताच तो आपली ओळख सांगणारी लहानशी माहिती केबलमधूनच संगणकाकडे पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, आणि तीत त्याला चालणाऱ्या रिझोल्यूशनची नोंद असते. मध्ये स्प्लिटर, स्वस्त कन्व्हर्टर किंवा भिंतीतून नेलेली लांब केबल आली की ही माहिती कधीकधी पोहोचतच नाही. मग संगणक अंदाजाने एखादे सावध रिझोल्यूशन निवडतो. अशा वेळी योग्य आकडा हाताने निवडणे भाग पडते.

चित्र तिरके किंवा वर रुंद व खाली अरुंद दिसत असेल, तर तो संगणकाचा प्रश्न नसून प्रोजेक्टरच्या कोनाचा असतो. रिमोटवरील कीस्टोन नावाची सोय चित्राचे बिंदू मुद्दाम कमी वापरून ते चौकोनी भासवते, म्हणजे मूळ रिझोल्यूशन जुळवण्यासाठी केलेली खटपट येथे पुन्हा वाया जाते; यंत्राची उंची बदलणे किंवा ते पडद्यासमोर सरळ ठेवणे अधिक श्रेयस्कर असते.

रंगांबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही : प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. भिंतीवरचा काळा म्हणजे जेथे प्रकाश पडला नाही ती भिंत, आणि खोलीत दिवे चालू असतील तर ती करडीच दिसणार. त्यामुळे लॅपटॉपवर उठावदार वाटणारी गडद छायाचित्रे भिंतीवर चिखलासारखी दिसतात, आणि पांढऱ्यावरची पिवळी अक्षरे दिसेनाशी होतात. ब्राइटनेस वाढवल्याने काळा आणखी करडा होतो. पडद्याजवळचे दिवे मालवणे आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांत ठळक विरोध ठेवणे हाच उपाय. एचडीएमआय जोडणीत आणखी एक गोंधळ होतो. संगणक तीव्रतेच्या 0 ते 255 अशा पूर्ण पायऱ्या वापरतो, तर दूरचित्रवाणीच्या परंपरेतली उपकरणे 16 ते 235 एवढ्याच पायऱ्या धरून चालतात. दोन्ही टोकांची समजूत वेगळी असेल तर चित्र फिकुटलेले तरी दिसते, नाहीतर सावल्यांतले तपशील काळोखात बुडतात, आणि ही निवड संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाच्या किंवा प्रोजेक्टरच्या मेनूत बदलावी लागते. रात्री डोळ्यांना आराम देणारी पिवळसर ‘नाइट लाइट’ सोयही कार्यक्रमापुरती बंद करावी.

एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही वाहून नेते, म्हणून ती जोडताच सभागृहाचे ध्वनिवर्धक गप्प होऊन आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या क्षीण स्पीकरमधून येऊ शकतो. टास्कबारवरील ध्वनिचिन्हावर जाऊन आवाजाचे ठिकाण पुन्हा निवडले की तो सभागृहात परततो.