मागचा माणूस कुठे आहे?

ट्रेकचा लीडर व्हायला आलेल्या प्रत्येकाला पुढे चालायचं असतं. शिबिराच्या पहिल्या सकाळी प्रशिक्षकांनी नेमकी उलटी जागा दिली: प्रत्येकानं पाळीपाळीनं सगळ्यात शेवटी चालायचं. ट्रेकवाले या जागेला ‘टेल’ म्हणतात. वाट अंधारबनची. मुळशीपलीकडच्या पिंप्रीहून निघून ताम्हिणीच्या दाट रानातून, कुंडलिकेच्या दरीच्या कडेनं ती कोकणात भिऱ्याला उतरते. अंतर साधारण 13 किलोमीटर. पावसाळ्यात इथं गर्दी लोटते, आणि फोनला बऱ्याच टप्प्यांत रेंज नसते.

शेवटून चालताना रानापेक्षा माणसं जास्त दिसतात. कोण बोलायचं थांबलंय, कुणाची बाटली सकाळपासून उघडलेलीच नाही, कुणाचं पाऊल उतारावर वेडंवाकडं पडतंय. लघवीला बाजूला जाणाऱ्यानं सॅक वाटेवरच ठेवून जायचं आणि टेलनं त्या सॅकच्या पुढे एक पाऊल टाकायचं नाही. हा नियम ऐकताना क्षुल्लक वाटतो. या रानात चार पावलं आत गेलं की वाट दिसेनाशी होते, हे पाहिल्यावर वाटत नाही. प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक ओढ्याच्या दोन्ही काठांवर नंबर पुकारले जात होते. ज्याचा नंबर त्यानंच ओरडायचा. लीडरनं नुसत्या नजरेनं मोजायचं नाही, कारण घाईत नजर हवा तोच आकडा मोजून मोकळी होते.

नकाशाचा तास ओल्या कातळावर बसून झाला. सर्वे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर दोन समोच्च रेषांत 20 मीटर उंचीचा फरक असतो. म्हणजे 15 मीटरचा उभा कडा दोन रेषांच्या मधे न दिसता बसू शकतो. सह्याद्रीत माणसं अडकतात ती अशा कड्यांवर, आणि कागद त्यांना आधी काहीच सांगत नाही. वेळेचा हिशोबही असाच. ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा, हा नेस्मिथचा 1892 चा ठोकताळा स्कॉटलंडच्या डोंगरात जन्मला. वीस जणांचा गट एकामागून एक निसरडा ओढा ओलांडतो तेव्हा हा ठोकताळा पार कोलमडतो. म्हणून प्रशिक्षकांनी निघण्यापूर्वीच वहीत लिहून घेतलं होतं: कुठल्या ठिकाणी किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर मागे फिरायचं. अंधारबनमध्ये हा प्रश्न जास्तच अवघड आहे. वाट एकूण उताराची, त्यामुळे जितकं पुढे जावं तितका परतीचा चढ वाढतो आणि मागचे ओढेही तोवर फुगतात. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीत एका दिवसात 556 मिलिमीटर पाऊस झाला होता. इथले ओढे काय करू शकतात ते या आकड्यावरून समजावं.

खरा धडा वाटेवरच्या हिर्डी गावाच्या अलीकडच्या ओढ्यानं दिला. पाणी गुडघ्याच्या जरा वर होतं. त्या दिवशी पुढे असलेला मुलगा म्हणाला, “सर, दोर लावून काढू सगळ्यांना.” प्रशिक्षकांनी उत्तर दिलं नाही, सोबतच्या हिर्डीच्या मामांकडे पाहिलं. मामा काठाशी उकिडवे बसले. “थांबा जरा. पानं, काटक्या येत्यात. वर पडतोय.” त्यांनी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली. थोड्याच वेळात ती पाण्याखाली गेली. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे प्रशिक्षकांनी तेव्हा सांगितलं, आणि माणसाला दोरानं बांधून प्रवाहात उतरवलं तर पडल्यावर तोच दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो, हेही.

मग सुरू झाला तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. निम्म्या शिकाऊंनी पैसे भरून आलेल्या पर्यटकांची भूमिका घ्यायची आणि लीडरनं त्यांना ‘आज इथूनच परत’ हे सांगायचं. “आमची सुट्टी वाया गेली.” “तो बघा, पलीकडचा ग्रुप गेला की!” “एवढ्याशा पाण्याला घाबरलात?” त्या मुलाचा आवाज आधी चढला, मग पडला. तिसऱ्या खेपेला त्यानं वाद घालणं सोडलं. काटकी दाखवली, परतीची वेळ सांगितली, खाऊ कुठे खायचा ते सांगितलं आणि चालायला लागला. माणसं त्याच्या मागे गेली. गाठी बांधायला दोन दिवसांत येतात. वीस नाराज चेहऱ्यांपुढे नकार देऊन तो टिकवणं सरावाशिवाय येत नाही, आणि हा सराव ज्या शिबिरात नाही त्याच्या प्रमाणपत्रावर माझा विश्वास नाही.

संध्याकाळी सर्पदंशाचा तास. आपल्याकडचं सर्पविषरोधक इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. या झाडीत दिसणारा चापडा त्यात बसत नाही. पण लीडरनं साप ओळखत बसायचं नाही, पकडायचा तर मुळीच नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ काढायचं, दंश झालेला भाग फळी बांधून स्थिर करायचा, वेळ लिहायची आणि रुग्णाला चालवायचं नाही. मण्यार चावल्याचं अनेकदा दुखतही नाही. म्हणून जमिनीवर झोपलेला कुणी पहाटे पोटदुखीची किंवा पापण्या जड झाल्याची तक्रार करत असेल, तर तिला अपचन समजायचं नाही.

चालवायचं नाही म्हणजे उचलायचं. दोन बांबू आणि चेन लावलेली जॅकेटं यांचं स्ट्रेचर करून एका धडधाकट मुलाला चिखलाच्या चढावर न्यायला लावलं, तेव्हा सहा जणांचे खांदे फार लवकर भरून आले. बारा माणसं आलटून-पालटून लागली, तरी पाऊण तासात पिंप्रीच्या दिशेनं जेमतेम एक वळण मागे पडलं. गिर्यारोहकांची बचाव पथकं महाराष्ट्रात आहेत. हाक गेली की स्वयंसेवक आपली कामं सोडून येतात. पण हाक जायला रेंज लागते. म्हणून दोघांना पुढे पाठवायचं होतं, एकट्याला नाही. त्यांच्या हातात कागद: रुग्णाचं वय, काय झालं, किती वाजता, आत्ता कुठे आहोत, किती जण आहोत. पहिला कागद लिहून झाला. प्रशिक्षकांनी तो वाचला, जागेच्या रकान्यातल्या ‘ओढ्याजवळ’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, “कुठल्या?” कागद पुन्हा लिहायला घेतला गेला.