घरच्या स्टुडिओसाठी संगणक घेताना

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गोंदिया, अर्जुनी-मोरगावकडे त्यातली गाणी किंवा दुकानांच्या जाहिराती घरीच रेकॉर्ड करून देण्याचा धंदा करू पाहणाऱ्यांनी भांडवल जपून घालावे. महागडे ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारले जाते. आवाजाच्या कामात त्याचा फारसा उपयोग नाही. तोच पैसा १६ जीबी रॅम, एसएसडी आणि ऑडिओ इंटरफेसवर खर्च करा. कंडेन्सर माइक घेणार असाल तर इंटरफेसमध्ये ४८ व्होल्टची सोय पाहूनच घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ एमबी जागा लागते. आठ ट्रॅकचे तासभराचे काम ४ जीबीच्या वर जाते. गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्या हार्ड डिस्कवरही ठेवा. यूपीएस नसेल तर वीज जाताच चालू काम बुडाले समजा. संगणकाच्या पंख्याची घरघर माइक पकडतो, म्हणून डबा दूर ठेवा. खोली घुमत असेल तर भिंतींवर जाड रजया टांगा. त्या आमच्या बाजारात स्वस्त मिळतात.